खाते, खातेदार आणि सही



शिष्यवृत्तीची रक्कम हल्ली शाळेच्या कार्यालयात रोख मिळत नाही. ती विद्यार्थ्याच्या बँकेतील खात्यात परस्पर जमा होते. आईच्या नावे गृहलक्ष्मी योजनेचे, वडिलांच्या नावे पीककर्जाचे आणि मुलाच्या नावे शिष्यवृत्तीचे अशी दोन-तीन पासबुके आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील पुष्कळ घरांत सापडतील. ती बहुधा आजीच्या पेटीत, पहाणीच्या उताऱ्याशेजारी, फडक्यात गुंडाळून जपून ठेवलेली असतात. परंतु त्यांत काय लिहिले आहे हे वाचणारे माणूस घरात असतेच असे नाही. अर्ज कोणीतरी भरून दिला, बोट ठेवून दाखविले तेथे सही केली, आणि खाते निघाले, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. वस्तुतः ज्या क्षणी आपण ती सही केली, त्या क्षणी आपण एका व्यवहाराचे धनी झालो. तो व्यवहार काय आहे आणि त्यातील आपल्या सहीला एवढे मोल का, हे समजावून सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. मी अर्थशास्त्राची नव्हे, कलाशाखेची पदवीधर आहे. म्हणून आकडेमोडीत फार खोल न शिरता व्यवहाराचा अर्थ तेवढा सांगते.

खाते हा शब्द आपल्याकडे बँकेहून कितीतरी जुना आहे. गावच्या सावकाराच्या वहीत प्रत्येक कुळाचे खाते असे. त्या खात्यावर नाव कुळाचे, पण वही सावकाराची. लिहिणारा त्याचा दिवाणजी, लिपी बहुधा कुळाला न वाचता येणारी मोडी, आणि प्रत एकच. किती दिले, किती फिटले, व्याज कसे चढले, हे सारे त्या एकाच प्रतीवर अवलंबून. कुळाजवळ पडताळा पाहण्यास काही नसे. बँकेतील खात्याचा पहिला विशेष हा, की त्याच्या नोंदी दोन ठिकाणी असतात: एक बँकेच्या दप्तरात आणि दुसरी आपल्या हातातील पासबुकात. दोहोंचा मेळ बसला पाहिजे, आणि तो न बसल्यास जाब विचारण्याचा अधिकार आपला आहे. पासबुक पेटीतच राहिले, तर मात्र हा अधिकार असूनही व्यर्थ जातो.

आपल्या भागात बँक उशिराच आली. बीदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे संस्थानचे स्वतंत्र नाणे चाले. लोक त्याला हाली सिक्का म्हणत आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. सात हाली रुपयांचे सहा कलदार, असा हिशेब असे. शेजारच्या सोलापूरच्या बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्याला मालाच्या भावाबरोबर नाण्याचा भावही ठाऊक असावा लागे. संस्थानने १९४१ साली कायदा करून हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली व एप्रिल १९४२ मध्ये तिचे काम सुरू झाले. हाली सिक्क्याची व्यवस्था पाहणे हे तिच्याकडे सोपविलेले एक काम होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्या दशकात हाली नाणे हळूहळू नाहीसे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढील कर्नाटकात, राहिलो. त्याच वर्षी या बँकेचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. घरातील जुन्या पासबुकावर हे नाव दिसले, तर ते आपल्या प्रदेशाच्या इतिहासाचे एक पान आहे असे समजून जपून ठेवावे.

येथे थोडे विषयांतर करते. माझी मातृभाषा कोंकणी. ज्या किनाऱ्यावर ती बोलली जाते तेथील लोकांना बँका काढण्याचे जणू वेडच होते. मंगळुरात अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी १९०६ साली जो निधी काढला, त्याचीच पुढे कॅनरा बँक झाली. उडुपीस १९२५ साली उपेंद्र पै, डॉ. टी. एम. ए. पै व वामन कुडवा यांनी आणखी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आली व २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. या संस्थेने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारी येई आणि दोन आणे सुद्धा जमा करून घेई. आज आपल्या बाजारपेठेत सायंकाळी दुकानोदुकानी फिरणारा पिग्मीवाला त्याच कल्पनेचा वारस होय. दोन आणे ठेवणाऱ्याचेही खाते असू शकते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा नेमके काय घडते? पुष्कळांना वाटते, की आपल्या नोटा बँक तिजोरीत जपून ठेवते आणि मागितल्यावर त्याच परत देते. तसे नाही. आपण बँकेला पैसे उसने देतो. ती ते पैसे दुसऱ्यास कर्जाऊ देते, त्यावर व्याज मिळविते आणि त्यातील अंश आपल्याला देते. इंग्लंडच्या उमरावसभेने १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात हा नियम स्पष्ट केला, आणि आपल्याकडेही तोच मानला जातो. बँक ऋणको आणि खातेदार धनको! सावकाराच्या वहीत आपले वाडवडील ऋणको होते; बँकेच्या दप्तरात, खात्यात शंभर रुपये का असेनात, तुम्ही धनको आहात. बँकेच्या खिडकीपाशी उभे राहताना संकोचाने चोरट्यासारखे उभे राहण्याचे काही कारण नाही.

खात्यांचे मुख्य प्रकार दोन. व्यापाऱ्याला दिवसातून अनेक वेळा देवघेव करावी लागते, त्याच्यासाठी चालू खाते. त्यावर सामान्यतः व्याज नसते. इतरांसाठी बचत खाते; त्यावर रोजच्या शिल्लकेप्रमाणे व्याज मोजतात. काही बँका किमान शिल्लक ठेवण्याची अट घालतात. ज्याला ती झेपत नाही त्याने ‘मूलभूत बचत खाते’ मागावे, त्याला ती अट नाही. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता व चालविता येते. रिझर्व बँकेने एप्रिल २०२५ मध्ये तसे पुन्हा स्पष्ट केले आहे. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यावा, हे मात्र प्रत्येक बँक ठरविते. म्हणजे या अंकाचे जे वाचक आठवी-नववीत आहेत, त्यांना स्वतःचे खाते स्वतः चालविण्यास वयाची अडचण नाही.

अडचण येते ती निराळीच. खाते उघडताना ओळख व पत्ता यांचा पुरावा, छायाचित्र आणि पॅन किंवा तो नसल्यास त्याऐवजीचे विहित प्रतिज्ञापत्र लागते. या सर्व कागदांवर नाव एकसारखे हवे. आता सीमाभागातील आपली गंमत पाहा. ज्ञानेश्वर हे साधे नाव घ्या. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ असा करतो, आणि कन्नडात व माझ्या कोंकणीत तो पुन्हा वेगळाच होतो. रोमन लिपीत उतरविताना तीन कचेऱ्यांतील तीन कारकून ते तीन तऱ्हांनी लिहितात. त्यातच कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव शेवटी, तर कोठे नुसतीच आद्याक्षरे. मग शिष्यवृत्ती मंजूर होते, पण कागदांवरील नावे जुळत नाहीत म्हणून पैसे अडून राहतात. म्हणून शाळेच्या दाखल्यावर आणि आधारपत्रावर आपले नाव अक्षरशः एक आहे ना, हे खाते उघडण्यापूर्वीच पाहावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापून आले, की ते दुरुस्त करण्यास फार पायपीट पडते.

भाषेचाही प्रश्न आहेच. बँकेचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि राज्याची भाषा अशा तीन भाषांत असावेत असा दंडक आहे. आपल्या जिल्ह्यांत ही तिसरी भाषा कन्नड. मराठी त्यात नाही. यावर रुसून उपयोग नाही. हिंदीची लिपी आपलीच आहे आणि कन्नड तुम्ही शाळेत शिकता; मराठी, हिंदी, कन्नड व इंग्रजी अशा चार भाषांशी रोज संबंध येणारी मुले महाराष्ट्रातही थोडीच सापडतील! धनादेश लिहिताना मजकूर हिंदी, इंग्रजी किंवा कन्नड यांपैकी एका भाषेत लिहावा. सही मात्र आपण खाते उघडताना जी नमुना म्हणून दिली असेल तीच, आणि ती मराठीत असण्यास हरकत नाही. सही सुंदर नसली तरी चालेल, पण ती दर वेळी सारखी हवी. नटाच्या सहीसारखी वेलबुट्टी काढण्याचा मोह आवरावा.

पासबुकात तीन रकाने महत्त्वाचे: जमा, नावे आणि शिल्लक. आलेली रक्कम जमेस, गेलेली नावे, आणि उरलेली शिल्लक. हे सोपे दिसते, परंतु त्यात एक खाच आहे. समजा, वडिलांच्या खात्यात ३,२०० रुपये शिल्लक आहेत. सोमवारी त्यांनी बियाण्याच्या दुकानदाराला ३,००० रुपयांचा धनादेश दिला. दुकानदाराने तो दोन दिवस तसाच ठेवला. गुरुवारी मुलाने पासबुक भरून आणले तर त्यात ३,२०० रुपयेच दिसले. त्याने कार्डावर ५०० रुपये काढले. शुक्रवारी धनादेश बँकेत आला तेव्हा शिल्लक २,७०० रुपये होती. धनादेश परत गेला, बँकेने दंड आकारला आणि गावात शब्द गेला तो वेगळाच. चूक ना दुकानदाराची ना बँकेची. पासबुक फक्त घडून गेलेले सांगते. आपण कोणाला काय देऊन बसलो आहोत हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी घरात एक साधी वही हवी, आणि दिलेला प्रत्येक धनादेश त्याच दिवशी तीत लिहिला पाहिजे.

धनादेश म्हणजे काय? आपल्या बँकेला आपण दिलेली लेखी आज्ञा: ‘अमुक माणसास माझ्या खात्यातून अमुक रक्कम द्या.’ आपल्या पेढ्यांवर पूर्वापार चालत आलेली दर्शनी हुंडी ही याचीच थोरली बहीण. भारतात यासंबंधीचा कायदा १८८१ सालचा आहे. धनादेशावर तारीख, घेणाऱ्याचे नाव, रक्कम अक्षरांत व अंकांत, आणि सही इतक्या गोष्टी हव्यात. अक्षरे व अंक यांत फरक पडल्यास कायद्याने अक्षरांतील रक्कम खरी मानली जाते. अक्षरांपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ मारावी, म्हणजे ‘पाचशे’च्या मागे कोणी ‘तीन हजार’ घुसडू शकत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा ओढल्या, की तो रेखित धनादेश झाला. त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, कोणाच्या तरी खात्यातच जमा होतात, आणि म्हणून चोराला तो पचत नाही. नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्ती करू नये, सरळ नवा धनादेश लिहावा.

तारखेपासून तीन महिने धनादेश जिवंत असतो. २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. कलबुर्गीच्या बाजारात तूर विकून आडत्याकडून धनादेश घेतला आणि लग्नसराईच्या गडबडीत तो घरीच राहिला, तर चौथ्या महिन्यात तो नुसता कागद उरतो. पैशाअभावी धनादेश परत गेल्यास तो १९८९ पासून फौजदारी गुन्हा आहे. बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यावयाची, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास खटला भरता येतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

आणि आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या भागात उसने पैसे देणारे काही लोक तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश मागतात. ‘नुसता असू द्या, बँकेत टाकणार नाही,’ असे सांगतात. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च समोर उभा असला, की माणूस सही करून देतो. त्या कागदावर पुढे कोणी किती आकडा लिहील याला मग धरबंध राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्णय दिला आहे, की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशावरील मजकूर दुसऱ्याने भरला असला, तरी तो देण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो.

याचा दाखला आपल्या बीदरइतका दुसऱ्या कोणत्याही गावाला मिळणार नाही. सहलीच्या वेळी तुम्ही महमूद गवानचा मदरसा पाहिला आहे. इराणातील गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा विद्वान बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ साली त्याने ती विद्यापीठासारखी वास्तू उभारली. त्याच्या शत्रूंनी काय केले, ते फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. वजिराची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला त्यांनी वश केले आणि एका कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र तयार केले आणि ते सुलतानापुढे ठेवले. मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही, असे गवानने सांगितले. सुलतान तिसऱ्या महंमदशहाने ते ऐकले नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. खरे काय ते पुढे सुलतानाला कळले, पण गेलेला वजीर परत आला नाही, आणि बहामनी राज्यही पुढे फार काळ सावरले नाही.

आज मोहोरेची जागा मोबाइलवरील गुप्त अंकांनी घेतली आहे. दुकानातील चौकटीचे चित्र टिपून पैसे देताना आपण जो गुप्त अंक दाबतो, ती आपली सहीच होय. पैसे घेण्यासाठी हा अंक कधीही दाबावा लागत नाही, एवढी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना पटवून द्याल तर निम्म्या फसवणुकी टळतील. फोनवरून कोणी एकवार वापरावयाचे अंक विचारू लागला, तर तो बँकेचा माणूस नव्हे, हे निश्चित समजावे. तरीही पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. त्याच घटकेस बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण विलंबाबरोबर ते परत मिळण्याची आशा कमी होते. आणखी एक. ‘तुझे खाते महिनाभर वापरू दे, हजार-दोन हजार देतो,’ असे सांगणारे लोक महाविद्यालयांच्या दारांशी फिरतात. त्या खात्यातून जो चोरीचा पैसा फिरतो, त्याच्या चौकशीसाठी पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्याच घरी.

बँक बुडाली तर? अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक या दोन्ही १९६० साली बुडाल्या. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी ही मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. मात्र पतसंस्था आणि सौहार्द पतसंस्था या बँका नव्हेत; त्यांतील ठेवींना हा विमा लागू नाही. जास्त व्याजाचा फलक पाहून ठेव ठेवणाऱ्या काका-मामांना हा फरक सांगण्यास भिऊ नका. पिग्मीवाला बँकेचा आहे की पतसंस्थेचा, हेही विचारून घ्यावे.

नामनिर्देशनाचा रकाना कोरा सोडू नये. खातेदाराच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यावे हे त्यात लिहावयाचे असते. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईस कामाला जाणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट नेहमी घडते. दोन वर्षे खात्यात आपण होऊन काहीच देवघेव केली नाही, तर ते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे पडून राहिलेली रक्कम रिझर्व बँकेकडील एका निधीत जाते. ती बुडत नाही, अर्ज करून परत मिळते. परंतु आजोबांचे असे खाते होते हे मुळात नातवाला माहीत असावे लागते. येत्या सुटीत ती पेटी उघडून सर्व पासबुके एकदा भरून आणावीत. जे विद्यार्थी या वर्षी अठरा वर्षांचे होतील त्यांनी त्याच खेपेस बँकेत स्वतः जाऊन आपली नवी नमुना सही द्यावी, कारण सज्ञान झाल्यावर बँक ती पुन्हा मागते, आणि ती दिली नाही तर पुढच्या शिष्यवृत्तीच्या वेळी खाते अडून बसते.